नावासाठी सोडलेली जागा

२ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा धरल्याचं लिहितेस आणि त्याच ओळीत गच्चीवर गाद्या वाहून नेल्याचंही लिहितेस. तेव्हा गुडघ्याची काळजी मी सोडून दिली आहे.

इकडे निवडणूक लागली. ह्यांच्या अंगात तर वारं शिरलं होतं. केस पिकले तरी पक्षाच्या भिंती दुसऱ्या पेंटरला रंगवू देत नाहीत. उमेदवार नेहमी शेवटच्या घटकेला ठरतो, म्हणून आधी चिन्ह काढून घ्यायचं आणि खाली नावासाठी जागा मोकळी सोडायची, ही ह्यांची पद्धत तुला माहीतच आहे. बाजारापासून दवाखान्यापर्यंत प्रत्येक भिंतीवर ह्यांनी किल्ली काढून ठेवली. डाव्या हाताने, पण अशी की कुलपात घालावीशी वाटेल.

काल नाव आलं. कंत्राटदार. हो, तोच. आपल्या पक्षात येऊन त्याला महिनाही झालेला नाही. ह्यांचा उजवा हात गेला त्या निवडणुकीत तो समोरच्या छत्रीवाल्यांचा तरुण पुढारी होता. त्या दिवशी मी जेवणाचा डबा घेऊन भिंतीपाशी पोचले तेव्हा जीपला टेकून उभा होता. त्याने स्वतः काही केलं नाही. फक्त ह्यांच्या उजव्या हाताकडे बोट दाखवून आपल्या पोरांना म्हणाला, "लिहितो तो हात." पुढचं तू दवाखान्यात पाहिलंसच.

आता पक्षाच्या कचेरीतून निरोपावर निरोप येताहेत, नाव कधी भरता म्हणून. हे ताटावरून तसेच उठतात. धुतलेले ब्रश पुन्हा धुतात. मला भीती वाटते, गं. ज्या पक्षासाठी हात गमावला त्याच पक्षाने ह्या कंत्राटदाराचं नाव ह्यांच्या हातून लिहून घेतलं, तर हा माणूस आतून मोडेल. तू चार शब्द लिही. तुझं ऐकतात.

आहे तो लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,
धाकटीचा वाकून नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पेन हातात घेववलं नाही. तुझे मेहुणे म्हणाले, लिही काहीतरी, नाहीतर ताई गाडीत बसून येतील. म्हणून लिहिते.

ताई, रागावू नकोस, पण दोन्ही बाजू एकदा मांडून बघू या. तुमच्या आळीत पाण्याची पाइपलाइन ह्याच माणसाने आणली, हे तूच मला कौतुकाने कळवलं होतंस. तेव्हा तो छत्रीतच होता ना? मग पाणी गोड लागलं आणि माणूस कडू, असं कसं करायचं? माणूस बदलत नाही असं म्हटलं, तर मी तुझ्या मेहुण्यांशी लग्नच केलं नसतं. आपल्या मिशनच्या शाळेत आठवतं? सिस्टर आठवडाभर दंगेखोर मुलींची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायच्या आणि शुक्रवारी सगळी पुसून टाकायच्या. सोमवारी सगळ्या सारख्या. मला अजूनही ते बरोबर वाटतं. नाहीतर जुन्या पक्षाचा शिक्का कपाळावर घेऊन कुणी कुठवर जगायचं?

भाऊजींना म्हणावं, नाव भरायचं नसेल तर सरळ नाही म्हणा आणि आमच्याकडे राहायला या. भिंत काही पळून जात नाही.

पूर्वीसारखाच जीव लावत राहा.

तुझी चिमणी


१९ मार्च

चि. चिमणीस,
ताईचे आशीर्वाद.

फळा आठवला. पण पुसण्याआधी सिस्टर प्रत्येकीला वर्गासमोर उभी करून, आपण काय केलं ते तिच्याच तोंडून वदवून घ्यायच्या. तू ते विसरलीस, कारण तुझं नाव कधी तिथे नसायचं. माझं असायचं.

गेल्या आठवड्यात कंत्राटदार स्वतः घरी आला. कचेरीतले चौघे बरोबर होते. ह्यांच्या खुर्चीत बसला, चहा आवडला म्हणाला, घर नीटनेटकं आहे म्हणाला. मी दाराला धरून उभी होते. वाटलं, आता त्या दिवसाबद्दल बोलेल. एक शब्द बोलला असता ना, तरी ह्यांनी त्याच पावली ब्रश उचलला असता, मी ओळखते ह्यांना. त्याची नजर हातावर गेली. अगदी आपुलकीने विचारलं, "पेंटर, हाताला काय झालं? शिडीवरून पडलात का?"

टोमणा नव्हता, चिमणी. त्याला खरंच आठवत नव्हतं.

हे म्हणाले, "हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे रंगाचे डबे घेऊन बाहेर पडले. मी मागोमाग गेले. मोकळ्या जागेत त्याचं नाव लिहिलं, सुबक, कुठे वाकडं नाही. मग किल्लीच्या शेजारी, तेवढ्याच आकाराची छत्री काढली. आयुष्यात प्रथमच. छत्रीखाली लिहिलं, "काल इथे," आणि किल्लीखाली, "आज इथे." असं सगळ्या भिंतींवर. मी म्हटलं, हे काय मांडलंय? तर म्हणाले, "त्याला मत देऊ नका असं मी कुठे लिहिलंय? खरं आहे तेवढं लिहिलं. आता लोकांनी ठरवावं." त्या दिवशी पोटभर जेवले.

कचेरीतल्या जुन्या मित्रांनी मात्र बोलणं टाकलंय. रस्ता ओलांडून पलीकडून जातात.

आठवण ठेव, आणि जमेल तशी लिहीत राहा.

ताई


२६ मार्च

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. शेवटी ते चष्मा पुसत बसले. मी अजूनही म्हणेन की जुना पक्ष हा गुन्हा नव्हे. पण आपण काय केलं हेच ज्याला आठवत नाही, त्याला बदललेला तरी कसं म्हणायचं? भाऊजींनी केलं ते फार चांगलं केलं. भिंतीसमोर एखादा तरी थांबेल, विचार करेल. तेवढं पुरे.

दाराला कडी नीट लावत जा. माणसं रागात काहीही करतात. माया आहे तशीच असू दे.

तुझी चिमणी


२८ एप्रिल

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

कुणी काही केलं नाही. कडी लावायची गरजच पडली नाही.

कंत्राटदाराची पोरं चुन्याची बादली घेऊन भिंती पुसायला निघाली होती. त्यानेच थांबवलं. भिंतीसमोर उभा राहून हसला, फोटो काढून घेतला आणि म्हणाला, राहू द्या, उत्तम आहे. लोक थांबले, गं, अगदी तू म्हणालीस तसे. जुने छत्रीवाले म्हणाले, बघा, अजून आपलाच आहे. किल्लीवाले म्हणाले, आता आपला आहे. दोघांनीही दिली मतं. इतकी मतं ह्या भागात आजवर कुणालाच पडली नव्हती.

काल त्याचा माणूस आला होता. नव्या कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर तसंच काढून हवंय, दोन्ही चिन्हांसकट, पेंटरच्याच हातचं. मीच त्याला दारातून परत पाठवला. हे आतून ऐकत होते.

तेव्हापासून खिडकीशी बसून आहेत. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तर मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मीच निवडून आणला का गं त्याला?"

मी हातातला सदरा पुन्हा उलगडला आणि पुन्हा घडी घातली. तू शिकवण्यात जन्म घालवलास, तुला उत्तर सुचेल. लवकर लिही. तू जे लिहिशील ते मी त्यांना वाचून दाखवीन.

तुझ्या लोभाची आज फार गरज आहे.

तुझी ताई