प्रयागला आणायची गाडी

भीमपूर, ता. १४ मार्च १९८८

तीर्थस्वरूप माणिकराव दादा यांसी,

एक तिफण, दोन डवरे, शाळेचा फळा (घोडीसकट), शेजारच्या चंपतच्या नातवाचा पाळणा आणि एका बैलगाडीची सहा चाके (लागतात दोन), कोणत्याही सुताराच्या हाताखाली एक दिवस न बसता, स्वतःच्या हाताने घडवणाऱ्या तुमच्या घरच्या जावयाचा, नागोरावाचा, नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत, म्हणजे मी आणि दोन बैल. आईंचा गुडघा कसा आहे? (उजवा की डावा ते कळवावे, मागच्या पत्रात नव्हते.)

तुमचे पत्र पावले. ‘बहिणीला नांदवायची नसेल तर पाडव्याला चार पंचांसमोर येऊन तसे सांगा,’ हे वाक्य मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा गोंधळलो. नांदवायची नाही असे म्हणाले कोण? दिवाळीला माहेरी आलेल्या प्रयागला न्यायला मी आलो नाही हे खरे. पण दादा, साडेचार महिने मी दुसरे काही करतच नाही, तिला आणायचीच तयारी करून राह्यलो! संक्रांतीला तसे कार्डही टाकले होते. त्यात आसाची आणि चाकाची मापे लिहिली, खुशाली लिहायला जागा उरली नाही, एवढीच काय ती चूक.

झाले असे की, मागल्या वर्षी तिला आणले ते मागून आणलेल्या खटाऱ्यात. बारा कोस. दारात उतरल्यावर कमरेला हात लावून ती म्हणाली, ‘हाडं खिळखिळी झाली माझी. पुढच्या खेपेला असा एक जरी हादरा बसला तं मी येनार नाही, सांगून ठेवते.’ आता एक म्हणजे एक. मी माणूस मापाचा. तेव्हा गाडी आपणच करायची असे ठरवले, आणि तपासणीसाठी बैठकीवर काठोकाठ भरलेला गडवा ठेवून घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत हाकायची. पाणी सांडले की चाके रद्द. पहिल्या जोडीला अर्धा गडवा सांडला. दुसरीला पाव. तिसऱ्या जोडीच्या वेळी आदिलाबादच्या भंगारातून जीपच्या कमानी (म्हणजे स्प्रिंगा) आणून बसवल्या, तेव्हा दोन बोटांवर आले. पण गाडीचा खडखडाटच बंद झाल्यामुळे बैलांना मागे गाडी आहे हेच पटेना. दर दहा पावलांवर थांबून मागे वळून बघत. शेवटी घासलेटच्या डब्यात खडे भरून मागे टांगला, तेव्हा चालले. (खडे मोजून बावीस. वीसला चालत नव्हते.)

गावचा सुतार डोमाजी (माझा गुरू नव्हे, लोक उगीच म्हणतात) रोज ओट्यावरून विचारणार, ‘काऊन हो नागोराव, वहिनीले आनाले चालले का पानी आनाले?’ परवा मात्र उठून आला, चाकावर हात फिरवला आणि म्हणाला, ‘पहिल्या जोडीहून दुसरी बरी, दुसरीहून तिसरी मस्त. तुमचा हात सुधरला, खोटं काऊन बोलू? पन बिनचूक कराच्या नादात वहिनी तिकडंच म्हातारी होईन.’ तेव्हापासून मी विचारात आहे. हात सुधरला हे मान्य. पण सुधरायचे कुठपर्यंत आणि थांबायचे कुठे, याचे माप कोणत्या पट्टीवर असते? तिसऱ्या जोडीत डाव्या चाकाचा सातवा आरा अर्धा सूत जाड आहे. ते डोमाजीला दिसले नाही, बैलांना कळले नाही, मला मात्र जेवताना दिसते. आणि जेवतो तरी काय, साडेचार महिने माझ्या हातची भाकर. तीही गोल होत नाही. पण खातो, हे काल लक्षात आले, आणि अधिकच गोंधळलो.

आईंना दंडवत, मुलांना आशीर्वाद, पंचांना नमस्कार.

तुमचा,
नागोराव

ता. क. १. कालच्या खेपेला बोटभर सांडले. त्याखाली जात नाही. तर प्रयागला एक विचारावे, मी विचारले हे तिला न कळता: बोटभर चालेल का?

ता. क. २. उत्तराची वाट पाहत नाही. हे पत्र पेटीत टाकून तसाच निघतो. गाडी आधी पोचली तर पत्र नंतर वाचावे. पंच बसवलेच असतील तर बसू द्यावेत, फक्त त्यांनी डाव्या चाकाकडे पाहू नये.

ता. क. ३. पत्र अजून खिशातच आहे, हे वाटेवरून लिहितो. जिनिंगवाले बाबाराव शेठ रस्त्यात आडवे झाले. गाडीत बसून पाहिले, उतरायला तयार नाहीत. म्हणाले, ‘बैल तुमचे तुम्हाला, नुसती गाडी द्या.’ मी डाव्या चाकाचा सातवा आरा दाखवला, तरी मागतच होते. मग सांगितले, शेठ, उतरा, बायको वाट पाहून राह्यली. सात हजार शंभर देत होते. रोख.