शालिग्रामची तेरवी

११ नोव्हेंबर, चौबे कॉलोनी, रायपूर
नागपूरच्या दैनिकाने मला इथला वार्ताहर नेमले आणि बालमित्र शालिग्रामने वरची खोली दिली. खोली उत्तम; उशी तेवढी पाषाणयुगीन. सिलतऱ्याच्या कारखान्यातला हा वाघ पाच तारखेला हार्ट अटॅकने आडवा झाला, काल घरी आला. सुशीलावहिनींनी बजावले, भाऊजी, त्यायले हसवत राहा, रडकं तोंड करू नका. हे काम मला न शिकता येते.

१२ नोव्हेंबर
शालिग्राम खिडकीशी नुसता बसतो. आज म्हणाला, मी पाच तारखेलेच गेलो रे, हे लोक उगाच चहा देऊन राहिले. माझी संस्कृत पाठशाळेत घासलेली जीभ. गप्प कशी बसेल? बोटांवर मोजून सांगितले, मग तेरवी सतराला, जेवायला मी आहेच. श्राद्धाचा संकल्पही म्हटला, त्याचे गोत्र घेऊन, नावाला 'प्रेत' जोडून. तो हसला. मी स्वतःवर खूश.

१४ नोव्हेंबर
डॉक्टरांचा फोन. उदास वाटते का त्यांना? अटॅकनंतर पुष्कळांना वाटते, आणि ते हृदयालाच बाधते. वहिनी स्वयंपाकघरात, मीच म्हणालो, छे, प्रसन्न आहे. त्याने कालपासून अन्न सोडले, हे सांगितले नाही. सांगितले असते तर संकल्पही सांगावा लागला असता.

१५ नोव्हेंबर
स्वेटर, घड्याळ, चष्मा— त्याने सगळे वाटून टाकले. वहिनींनी विचारले, तुमच्यापाशी काही बोलतेत काय? नाही म्हणालो.

१६ नोव्हेंबर
गोळ्या त्याच्या गादीखाली सापडल्या. चार दिवसांच्या. मेलेल्याले काहून, म्हणतो. मी पाय धरले— थट्टा होती रे. त्याने शांतपणे विचारले, मंत्र खोटा होता काय?
हो म्हणायचे होते. पाठशाळेची जीभ— उचललीच नाही.

१७ नोव्हेंबर, दुपार
त्याने स्वतः पान वाढले. माझ्यासाठी. वरणात मीठ कमी आहे म्हणून माफी मागितली. मी वहिनींना सगळे सांगितले— त्यांनी फोन उचलला, माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही. फाटकाशी ॲम्ब्युलन्सची वाट बघून राहिल्या.
म्हणतो, तू जेव, म्हणजे मी सुटतो. लिहीत बसलोय, कारण हात मोकळा झाला तर घास—
त्याचे ओठ निळे. छातीला कान लावला. काहीच— पुन्हा लावला—
तरी त्याची बोटं भात कालवताहेत. घास उचलला. माझ्या तोंडाशी— मी म्हणतोय, खोटा होता, मंत्र खोटा हो—