समुद्रापाशी थांबणारी चाल

बाई, तुमच्या मुलाला मी भेटले. तुम्ही अलिबाग सोडून इस्राएलला गेलात तेव्हा तो जन्मलाही नव्हता, आणि तुम्हाला देवाघरी जाऊनही आता वीसेक वर्षं झाली, हे मला त्याच्याकडूनच कळलं. इथे लंडनला ईलिंगच्या एका चर्चमध्ये दुपारी त्याच्या संगीताचा कार्यक्रम होता. सूनबाईनं फोनवर जाहिरात दाखवली, "आई, हा इस्राएली कंपोझर बघा, ह्याची मदर अलिबागची होती." तिकीट नव्हतं, बसचा पास फुकट, म्हणून गेले, तो तुमचा मुलगा असेल असं डोक्यातही आलं नाही. देवाचं घर म्हणून बूट काढून बाकाखाली ठेवले, तर शेजारची इंग्लिश बाई माझ्या मोज्यांकडेच बघत बसली. पुढे चौघं जण व्हायोलिनसारखी लहानमोठी वाद्यं घेऊन बसले. बराच वेळ मला नुसती दारं करकरल्यासारखी वाटत होती. मग सगळ्यात मोठ्या वाद्यानं एक ओळ घेतली. ती वर चढली, मध्येच थांबली, एक पायरी उतरली आणि पुन्हा चढली. ही चाल मी ओळखत होते.

एकदम मी अलिबागला तुमच्या स्वयंपाकघरात नारळ खवते आहे. शाळेत तुम्ही आम्हाला गाणं आणि शिवण शिकवायचात, आणि घरी तुम्हा यहुदी लोकांचा मलिदा असला की मदतीला मलाच बोलवायचात. एलियाहू पैगंबराच्या नावानं गोड पोहे, वर फळं. तुम्ही परातीत पोहे कालवताय आणि मोशेच्या कीर्तनातली, त्याच्यामागून पळालेले लोक समुद्रापाशी येतात ती ओळ म्हणून बघताय, एकदा अशी, एकदा तशी. मी म्हणते, "बाई, मध्ये थांबू नका ना, अडखळल्यासारखं वाटतं." तुम्ही उसळता. "समुद्रात पाय घालताना तू थांबणार नाहीस? सरळ चालत जाशील? मोठी आली शहाणी! नारळ खव." मग आवाज खाली आणून सांगता, "मशिदीत मी सांगणार, ही आजीकडून आलेली चाल आहे. मी केली म्हटलं तर पुरुष मंडळी गायला तोंड उघडायची नाहीत. तू कुठे बोलायचं नाहीस. तुझ्या गणपतीची शपथ घे." सिनेगॉगला तुम्ही मशीदच म्हणायचात. मी खोबरं लागलेल्या हातानंच शपथ घेतली.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. कपाळ तुमचंच. तुमचं शाळेतलं नाव सांगून विचारलं, "त्यांचा का हो तुम्ही मुलगा?" तो म्हणाला, "काकू, मला मराठी येते, पण सगळी आईची. जेव. झोप. गप्प बस. मार खाशील." आम्ही दोघं हसलो. पुढचं त्यानं इंग्रजीत सांगितलं. तिकडे तुम्ही मुरंब्याच्या कारखान्यात कामाला होतात, गायचात ती फक्त चुलीपाशी. त्याचे मित्र आले की तो म्हणायचा, आई, हे नको, लोक हसतात. तुम्ही थांबायचात. नंतर तो संगीतरचना शिकायला लंडनला आला, आणि तुम्ही गेल्यापासून काहीही लिहायला बसला की ही चाल आपोआप येते. तिच्यासाठी तो कोकणातही जाऊन आला, म्हाताऱ्या माणसांजवळ बसला. कुणालाच ठाऊक नाही. म्हणून कागदावर चालीपुढे 'पारंपरिक' लिहितो. "तुम्ही ऐकली होती, काकू?"

"हो, ऐकली होती," मी म्हटलं. एवढंच. तो केवढा फुलला! "म्हणजे गावात सगळे गायचे!" मी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच सांगता येणार नाही.

त्या मानेनं घात केला, बाई. मागच्या आठवड्यात आमच्या हॅरोला कार्यक्रम झाला. वाजवायच्या आधी तो लोकांना म्हणाला, ही चाल गावभर गायली जायची, हॅरोच्या एका काकूंनीच मला सांगितलं. आणि ते मध्ये थांबणं कोकणी लोकगीतांत असतंच. लोकांनी माझ्याकडे वळून टाळ्या वाजवल्या. टाळ्या मला! आता त्याचं रेकॉर्डिंग निघणार आहे, त्याच्यावरही हेच छापणार. परवा फोन आला. "काकू, जेवलात? तुमचं नाव लिहिलं तर चालेल ना?" म्हटलं, "तुला योग्य वाटेल तसं कर." फोन ठेवला. तो जिचं मूळ शोधत गावोगाव हिंडला ती चाल करणारी त्याच्याच घरात स्वयंपाक करत होती, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

रोज पूजेला बसले की गणपतीला विचारते, ज्या पुरुषांना तुम्ही भ्यायलात त्यांतलं आता कोण उरलंय? मग ही शपथ कुणासाठी? उत्तर मला ठाऊक आहे. तुमचा पत्ता आता कुठला. त्याचा मात्र माझ्यापाशी आहे, हे पत्र उद्या सकाळी टाकलं तर परवा त्याच्या हातात पडेल. ते मी टाकणार नाही. शपथेमुळे, असं मनाला सांगते. पण बाई, खरं तसं नाही. पोटच्या मुलालाही जे सांगितलं नाहीत, ते तुम्ही मला सांगितलंत. त्याला सांगितलं की ते माझं एकटीचं राहणार नाही.