कोणती बंदूक घेऊ?

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू हे आधी पद्मिनीवहिनीकडे देशील आणि ती न उघडता परत तुझ्याच हातात ठेवील, असं धरून लिहिते आहे. आठ वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आता लिहायला बसले तर सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही, म्हणून बंदुकीपासून करते. तो विषय तुला कळतो, आणि मलाही आता थोडा कळायला लागला आहे.

हो, मी बंदूक घेतली आहे. रायफल. लायसन्स काढून, रीतसर. आईला अजून सांगितलेलं नाही.

वहिनीकडून तुला तुकड्या-तुकड्याने कळलंच असेल, की इथे वनशास्त्राचं एम.एस्सी. झाल्यावर मी एका छोट्या कंपनीत लागले. लोकांच्या मालकीच्या डोंगरांवर आम्ही इथली जुनी झाडं परत लावतो. ओक, बर्च, रोवन. डब्लिनच्या दक्षिणेला विकलोचे डोंगर आहेत, माझं बहुतेक काम तिकडेच. मी आणि श्रावणी राहतो सिटीवेस्टला, आयटीवाल्यांच्या वस्तीत. शेजारच्या अस्मिताला वाटतं, मी बागकाम करते. सकाळी सगळे लॅपटॉपची बॅग घेऊन ट्रामकडे निघतात आणि मी चिखलाचे बूट गाडीत टाकून डोंगराकडे.

तुला गंमत वाटेल, इथल्या रानात माणसाने घाबरावं असं काहीही नाही. वाघ नाही, बिबट्या नाही, अस्वल नाही, साप तर औषधालाही नाही. लांडगे होते, ते केव्हाच मारून संपवले. त्यामुळे हरणं मोकाट वाढली आहेत. सिका म्हणून एक जात आहे, आपल्या चितळाची बहीण शोभेल अशी. ती आमची रोपं शेंड्यापासून खातात. गेल्या वर्षी मी चौदाशे ओक लावले होते, मार्चमध्ये मोजले तर दोनशेही धड नव्हते. आमच्याकडे हरणं आवरण्याचं काम जेरी बर्न बघायचा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं याच डोंगरांवर हरणं मारतोय. त्याचे गुडघे गेले. त्याने मालकाला सांगितलं, उल्काला शिकवतो. मला कोणी विचारलंच नाही. मीही नाही म्हटलं नाही. का नाही म्हटलं, ते पुढे लिहिते.

इथे लायसन्स मिळवणं सोपं नाही. बंदूक कशासाठी हवी ते लिहावं लागतं, आणि स्वतःच्या रक्षणासाठी असं लिहिलं तर अर्ज तिथेच संपतो. दोन ओळखीच्या माणसांची नावं, डॉक्टरचं नाव, कोर्सचं सर्टिफिकेट, जमीनमालकाची परवानगी. मग गार्डा, म्हणजे इथला पोलीस, बंदुकीचं कपाट बघायला घरी आला. इथे कपाटाला सगळे ‘प्रेस’ म्हणतात. त्याने विचारलं, हे प्रेस भिंतीत बोल्टने बसवलंय का. मग श्रावणीला विचारलं, किल्ली कुठे असते माहीत आहे का तुला. ती म्हणाली, “नो, अँड आय डोन्ट वॉन्ट टू.” बारा वर्षांची आहे, पण उत्तर देताना हनुवटी अशी वर करते की मला तिचा बाबा, सारंग दिसतो. गार्डा हसला. “शी’ज ग्रँड,” म्हणाला, आणि सही करून गेला.

आता बंदुकीची निवड. दुकानात जेरीने टेबलावर दोन रायफली ठेवायला लावल्या. एक थ्री-ओ-एट, मोठ्या गोळीची, जड. दुसरी टू-फोर्टी-थ्री, हलकी, खांद्याला कमी धक्का देणारी. मी लगेच मोठीला हात घातला. जेरीने मला रेंजवर नेलं आणि दोन्ही चालवायला लावल्या. मोठी चालवताना मी दर वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटत होते. मला ते कळतही नव्हतं, त्याने मोबाइलवर शूट करून दाखवलं. म्हणाला, “तुला वाटतंय मोठी घेतली की चूक होणार नाही. चूक बंदूक करत नाही. जी दिवसभर डोंगरावर नकोशी होत नाही आणि जिच्यामागे डोळे उघडे राहतात, ती घे.” मी हलकी घेतली.

पण दुकानातून निघता निघता मी त्याला विचारलं, छर्‍याच्या बंदुकीचं काय, बारा बोरचं? तो म्हणाला, हरणावर ती चालवायला इथे कायद्याने बंदी आहे, छर्रे पसरतात, जनावर नुसतं जखमी होऊन पळतं. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं, तरी विचारलं. आणि मग विचारतच राहिले. दाट झाडी असेल तर? पंधरा पावलांवर असेल तर? जनावर अंगावर येत असेल तर? जेरी गाडीच्या दाराशी थांबला. म्हणाला, “इथे अंगावर काही येत नाही, उल्का. तू कुठल्या रानाबद्दल विचारते आहेस?”

मी गाडीत जाऊन बसले. पण दादा, तुला उत्तर माहीत आहे.

मी हे काम का घेतलं, तेही तुझ्या लक्षात आलं असेल. मला त्या एका दिवसाचं गणित स्वतःच्या हातांनी सोडवून बघायचं होतं. तुझं कुठे चुकलं ते मला शोधायचं होतं. आठ वर्षं मी तेच करत होते. आता निदान हातात बंदूक घेऊन करणार होते. मी हे काही चांगल्या मनाने केलेलं नाही.

आता तीन आठवड्यांपूर्वीचं सांगते. नोव्हेंबरातली सकाळ, नुकतं उजाडलेलं. मी आणि जेरी आमच्या ओकच्या प्लॉटच्या वर, उतारावर बसलो होतो. समोर नेच्याचं रान होतं. नेचे हिवाळ्यात वाळून विटकरी होतात, कमरेइतके उंच. एक नर बाहेर आला. ऐंशी पावलांवर, आडवा उभा, मागे मातीचा बांध. शिकारीत हा पहिला धडा असतो, तुला सांगायला नको: जनावराच्या मागे माती हवी, म्हणजे आरपार गेलेली गोळी मातीत शिरते. सगळं पुस्तकात लिहावं तसं होतं. मी रायफल काठीवर टेकवली, दुर्बिणीत खांदा धरला, सेफ्टी काढली. श्वास सोडला. डोळे उघडे होते, दादा. बोट चापावर होतं.

हरणाच्या मागे, बांधाच्या अलीकडे, नेच्यात काहीतरी विटकरी हललं. मला वाटलं दुसरं हरण. मग ते उभं राहिलं. एक बाई होती, तपकिरी कोट घातलेली. कुत्र्याच्या पायातला काटा काढायला वाकली होती. तिने आम्हांला पाहिलंही नाही. हरण आणि ती, दोघं माझ्या दुर्बिणीच्या एकाच गोलात होती.

मी चाप ओढला नाही. एवढंच घडलं. हरण निघून गेलं, बाई कुत्र्याला शिट्टी मारत खाली उतरली. मी रायफल रिकामी केली, गोळ्या खिशात टाकल्या आणि तिथेच ओल्या गवतात बसून राहिले. जेरीने थर्मासमधला चहा ओतून दिला, तो निम्मा सांडला. आणि मग आयर्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा मी कुणाला तरी सगळं सांगितलं.

सांगितलं की माझा नवरा जनावरांचा डॉक्टर होता आणि माझा भाऊ वनखात्यात रेंजर. ते दोघं आधी मित्र, मग मी सारंगची बायको. स्थळ भावानेच आणलं होतं. ब्रह्मपुरीच्या बाजूला डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात एक बिबट्या अडकला. सारंग बेशुद्धीचं इंजेक्शन मारणारी बंदूक घेऊन पुढे, भाऊ त्याच्या रक्षणासाठी बारा बोर घेऊन मागे. नाल्याकाठी घाणेरीचं रान, माणूस वाकून जाईल एवढी वाट. बिबट्याने झटका दिला आणि तार तुटली. तो समोरून आला. सारंग मध्ये होता. भावाने बंदूक उचलली, पण चालवली नाही. बंदुकीचा दस्ता उगारून तो बिबट्यावर धावला, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं त्यात गेली. बिबट्या पळाला. सारंग नागपूरच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी वारला.

हे सांगितलं आणि पुढचंही सांगितलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात, आईसमोर, तुझा हात पट्टीत बांधलेला असताना मी काय म्हणाले ते. “जीपमध्ये रायफल होती. ती का नाही घेतलीस? तू मारलंस त्याला.” आणि तेच पुढे चौकशीत लेखी दिलं. तुझं अकरा महिन्यांचं निलंबन माझ्या त्या दीड पानामुळे झालं. मग मी श्रावणीला घेऊन इकडे आले. निघताना तू फाटकापर्यंत आला होतास. मी रिक्षातून उतरले नाही.

जेरी सगळं ऐकून घेत होता. शेवटी त्याने विचारलं. “तुझा नवरा मध्ये होता?” मी म्हटलं, हो. “आणि तुझ्या भावाला तो दिसत होता?” हो. मग तो म्हणाला, “रायफलची गोळी त्या जनावरातून निघून तुझ्या नवऱ्यात गेली असती. किंवा आधी नवऱ्यात. त्या जागेसाठी कुठल्याही दुकानात बंदूक नाही, उल्का.” मी म्हटलं, माहीत आहे. आणि खरंच, मघाशी चापावर बोट असताना मला ते कळलं होतं. बोट उचलायला किती ताकद लागते ते कळलं. मी एका अनोळखी बाईसाठी ते केलं. तू सारंगसाठी केलंस, आणि त्यानंतर नुसता दस्ता उगारून धावलास. मी धावले असते की नाही, मला सांगता येत नाही.

पत्र इथे संपवता आलं असतं. पण एक गोष्ट मी जेरीलाही सांगितली नाही. मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. म्हणाली, तू स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज टाकला आहेस, आणि कारण लिहिलं आहेस, ‘शस्त्र बाळगण्यास अपात्र.’ तिने माझ्याकडे काही मागितलं नाही. नुसतं म्हणाली, “ते रात्रंदिवस एकच घोकतात, रायफल घ्यायला हवी होती.” म्हणून आता लिहिते. त्या दिवशी सकाळी आठ वाजता मला सारंगचा फोन आला होता. जीपमधून. तो हसत सांगत होता, “दत्तादादाने रायफल काढली होती, मी परत ठेवायला लावली. घाणेरीत ती लांब नळी फिरत नाही. बारा बोर घ्या म्हटलं.” मला माहीत होतं, दादा. व्हरांड्यात तुला बोलले तेव्हा माहीत होतं, जबाब लिहिला तेव्हा माहीत होतं. बंदूक त्याने निवडली होती. पण त्याची चूक म्हटली तर माझ्याकडे कुणीच उरत नव्हतं रागवायला. आणि तूही चौकशीत त्याचं नाव घेतलं नाहीस. त्याच्यासाठी गप्प बसलास की माझ्यासाठी, ते मला विचारायचं धाडस नाही. त्याचीही चूक नव्हती, हे आता कळतं. तुमच्या दोघांचीही नव्हती. रविवारी मी श्रावणीला हे सगळं सांगितलं, माझ्या खोट्या जबाबासकट. ती म्हणाली, “देन यू हॅव टू टेल हिम, आई. नॉट मी.” मी तुमच्या विभागीय कार्यालयाला नवा जबाब पाठवला आहे, फोनची तारीख-वेळ घालून, त्याची प्रत सोबत आहे. त्याने आता खात्यात काही बदलेल असं नाही, पण कागदावर खरं असू दे. अर्जाचं काय करायचं ते तू ठरव. नोकरी नको झाली असेल तर सोड, माझ्या त्या दीड पानासाठी सोडू नकोस. एकोणीस डिसेंबरला आम्ही दोघी नागपूरला उतरतो. श्रावणीला मराठी कळतं, पण ती इंग्रजीतच बोलेल. तू हळू बोल, तिला तुझ्याकडून तिच्या बाबाबद्दल ऐकायचं आहे. तू विमानतळावर आला नाहीस तरी मी घरी येणार आहे. माफी मागायला तोंड नाही. तुला आठ वर्षं जे बोलायचं राहिलं असेल ते मला बोल, सगळं बोल. या वेळी मी रिक्षातून उतरेन.

तुझीच धाकटी,
उल्का