ते नाव सोडून सगळं ऐकलं

४ नोव्हेंबर, सकाळ

फोनमधलं माईकचं चित्र दाबून बोललं की अक्षरं आपोआप पडतात. तारीखसुद्धा फोनच टाकतो. सुकन्यानं काल शिकवलं. मला वाचता येत न्हाई आणि दुसऱ्या कुणाला मी वाचू देणार न्हाई. म्हणजे इथं काहीबी बोलायला हरकत न्हाई.

ठरलं: रोज बोलायचं. खरं तेच बोलायचं. सुनेबद्दल कमी बोलायचं.

त्याच दिवशी, दुपार

ल्योक आणि सून दिवाळी झाली तसे कोयते घेऊन कर्नाटकात ऊस तोडायला गेले. शिरूरात मागं राहिलो मी, घरचे म्हणजे माझे मालक, आणि नात सुकन्या. घरच्यांनी सगळा जन्म मेंढरांमागं काढला. आता अंगणात बाजेवर बसून दोन शेळ्यांवर नजर ठेवतात. ऐकू कमी येतं. जेवायला चला म्हणून ओरडलं तर आभाळाकडं बघतात.

सुकन्या बीए झाली. पुण्याचा मामा तिला बोलावतोय, कपड्याच्या मॉलमध्ये चिकटवतो म्हणतो. ती म्हणली, आजी, तुमा दोघांना टाकून कशी जाऊ, घरूनच ऑनलाइन काम बघते. बघितलं. जमलं तर पोरगी राहती, न्हाई जमलं तर चालली.

काम असं. कंपनी आमच्याकडच्या मेंढरंवाल्यांचं बोलणं रेकॉर्ड करून पाठवती. ते ऐकायचं आणि टाईप करायचं. मी विचारलं, एवढं माझ्या फोनला लिहिता येतंय, मग कंपनीला माणसं कावून लागतात? ती म्हणली, फोनला सरळ बोललेलं कळतं. मागं मेंढरं ओरडत असताना बिनदाताचा म्हातारा काय बोलला, ते फोनला कळत न्हाई. तिलाबी कळत न्हाई, हॉस्टेलात वाढलेली. मला कळतं.

म्हणजे कान माझे, बोटं तिची. खरं काम कुणाचं, ते सांगायला नको.

५ नोव्हेंबर

पहिली फाईल. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. एक म्हातारा पावसाबद्दल लई वेळ बोलला. मी म्हणलं, लिही, पाऊस न्हाई. सुकन्या म्हणली, आजी, एवढंच? मी म्हणलं, त्याचं सार एवढंच हाय. ती म्हणली, सार नको, शब्दन् शब्द पाहिजे. मधी खोकला तर खोकलासुद्धा लिहायचा. खोकला लिहून घेणारी कंपनी पहिल्यांदाच बघितली.

पुढं एक म्हातारी मेलेल्या मेंढीसाठी रडत होती. मी म्हणले, रडू नको बाई, दुसरी होईल. सुकन्यानं तेबी टाईप केलं. नंतर काढायला लागली, मी काढू दिलं न्हाई. तिची कुणीतरी समजूत घालायला पाहिजेच होती.

आपण लिहिलेलं दुसरं कुणीतरी तपासतं. तेबी आपल्यासारखंच, कुठंतरी आपल्या घरी बसून. पाचातले स्टार देतं आणि शेरा लिहितं. त्याचं नाव न्हाई, गाव न्हाई. आपल्यालाबी कधीमधी दुसऱ्याचं तपासायला येतं. स्टार चांगले पडत राहिले की मग कायमचं तपासायचंच काम देतात.

ठरलं: संक्रांतीपर्यंत तपासणारी व्हायचं.

८ नोव्हेंबर

दोन स्टार. सुकन्यानं शेरा वाचून दाखवला. बोलणाऱ्यानं न बोललेली वाक्यं घातलीत. एक नाव बऱ्याच ठिकाणी गाळलंय.

कुठलं नाव ते मला ठाऊक हाय. सुकन्याला सांगितलं न्हाई, इथं सांगते. फायलीतली ती रडणारी म्हातारी सारखी आपल्या भावाला हाक मारती. त्याचं नाव तेच, जे घरच्यांचं. आता ते मी कसं घ्यायचं? लग्नाच्या हळदीतसुद्धा घेतलं न्हाई. उखाण्यासाठी बायांनी अडवून धरलं तेव्हा मेंढरांचे मालक म्हणून सुटले. मग सुकन्याला सांगताना त्या जागी नुसतं ‘ते’ म्हणले. ते मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेलते. काय बिघडलं? माणूस कळला, मेंढरं कळली, नदी कळली.

तपासणारी पुण्याची असणार. केस कापलेली. घरात नवऱ्याला नावानं हाक मारत असणार, तिला काय समजतंय.

९ नोव्हेंबर

शेजारी जैनबबीकडं जाऊन मन मोकळं केलं. आमची दोस्ती दोघी नव्या नवऱ्या होतो तवापासूनची. तिच्या घरचा फळांचा गाडा हाय. ती सीताफळं निवडत बसली होती. मी नावाचं सगळं सांगितलं. ती ओढणी तोंडात कोंबून हसली. मग डोळे पुसून म्हणली, बायडे, कोण गं ती मेली एवढी बारीक ऐकणारी? सगळ्यात मोठं सीताफळ मला दिलं.

तिची नात लुबना आत कानात वायरी घालून बसलेली. मेंदीचे व्हिडिओ बघत असेल. आजकालच्या पोरींना काम नको.

जैनबबीसारखं माणूस शेजारी हाय म्हणून दिवस निघतात.

१२ नोव्हेंबर

एक स्टार. शेरा असा: ऐकणाऱ्या बाईला ते नाव घ्यायचं नसेल तर तिनं टाईप करणाऱ्या मुलीला चिमटा काढावा, मुलगी समजून घेईल.

माझ्या हातातली बशी खाली पडली. पुण्यातल्या बाईला हे कुणी सांगितलं? विचार करकरून डोकं दुखलं. घरचे कुणाशी बोलत न्हाईत. सुकन्याला ठाऊकच नव्हतं. मी तर जैनबबीशिवाय कुणाजवळ बोलले न्हाई. म्हणजे फोनच ऐकतो आणि तिकडं सांगतो. आजपासून बोलून झालं की माझा फोन पिठाच्या डब्यात.

सुकन्या म्हणली, आजी, म्हातारी आजोबांचं नाव घेती का गं? मी म्हणलं, घेत असंल, माझ्या कानावर आलं न्हाई. हे खोटं न्हाई. येतं, पण मी आत घेत न्हाई.

१३ नोव्हेंबर

चिमट्याची युक्ती करून बघितली. आधीच सांगते, युक्ती वाईट होती, मी वाईट न्हाई. नाव आलं की चिमटा काढायचा, पण चिमटा पोचेपर्यंत म्हातारी पुढं निघून जाती. सुकन्या पुढच्या शब्दावर नाव टाकती. दोन मेंढ्या आणि एक कुत्रं घरच्यांच्या नावाचं झालं. सुकन्याच्या दंडावर वळ उठलेत.

१५ नोव्हेंबर

पुन्हा एक स्टार. कंपनीची वॉर्निंग आली. असंच चाललं तर अकाउंट बंद. मामाचा फोन लगेच, त्याला कसा वास लागतो कुणास ठाऊक. सुकन्यानं माळ्यावरची बॅग खाली काढली आणि झटकून उन्हात ठेवली. मी ती परत माळ्यावर टाकली. तिनं परत काढली.

आज आपल्यालाबी एक फाईल तपासायला आली. ठरवलं, आता दाखवते. म्हणलं, न ऐकता एक स्टार दे. सुकन्या म्हणली, अगं, ऐक तर आधी. ऐकलं. लिहिणारीनं खोकला, जांभई, कुत्र्यावर हाड् म्हणलेलं, सगळं धरलं होतं. आमच्या भागातला एक शब्द चुकवला न्हाई. जवळ कुणीतरी आपल्याकडचीच जुनी म्हातारी बसत असणार, असं मी म्हणलं. सुकन्या माझ्याकडं बघत राहिली. पाच स्टार देऊन टाकले.

मी उगीच कुणाचं वाईट करत न्हाई.

१७ नोव्हेंबर

जैनबबीला पुन्हा सगळं सांगितलं. अकाउंट, बॅग, मामा. ह्या बारीला ती हसली न्हाई. म्हणली, पोरगी खरंच जाईल का गं? मी म्हणलं, त्या पुण्याच्या बाईला पुण्य लागणार न्हाई. ती म्हणली, तिला बिचारीला काय ठाऊक एवढं होईल. जैनबबीचा स्वभाव असा, दुश्मनाचीबी बाजू घेती.

२० नोव्हेंबर

पाच स्टार. काल पण पाच. सुकन्या रोज बोटं पसरून दाखवती. वॉर्निंग गेली. बॅग तिनं स्वतः माळ्यावर ठेवली.

पुण्याच्या बाईचे डोळे उघडले एकदाचे. मी काही बदलले न्हाई, अजून ‘ते’च म्हणते. जगाला थोडा उशीर लागतो.

फक्त फायली जरा सारख्या वाटतात. त्या म्हातारीची मेंढी परत मेली. लई दुर्दैवी बाई. मी परत समजूत घातली.

सुकन्या दुपारची लुबनाकडं मेंदी शिकायला जाती. शिकू दे. माझं काम सकाळीच उरकतं.

२४ नोव्हेंबर

आज सगळं बोलून टाकते.

दुपारी जैनबबीची वाटी परत द्यायला गेले. रिकामी कशी द्यायची, म्हणून पिठलं घातलेलं. दार ढकललं. मधी जैनबबी. एका अंगाला लुबना, दुसऱ्या अंगाला सुकन्या, पुढं माझ्या सुकन्याचा फोन. इअरफोन जैनबबीच्या कानात. आणि ती माझ्या घरच्यांचं नाव घेती. एकदा न्हाई, परत परत. सुपारी चघळत.

मेंदी कुणाच्याच हातावर न्हाई.

जैनबबी म्हणली, ये बायडे, बस, चहा टाकते. जसं काही झालंच न्हाई. मग एकेक निघालं. लुबना ह्याच कंपनीचं काम करती. आमचं तपासायला तिच्याकडंच यायचं. ऐकायची जैनबबी, शेराबी जैनबबीचा. पुण्याची बाई माझ्या उंबऱ्यापासून चार पावलांवर.

मी म्हणलं, सीताफळ हातात देऊन स्टार कापलेस माझे. ती म्हणली, पहिल्या बारीला ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, पण गाळलेलं ते गाळलेलंच, खोटे स्टार लुबनाला कसे द्यायला लावू? म्हणून तर चिमट्याचं लिहिलं. अकाउंट जातंय म्हणलीस तवा तुमचं तपासणं सोडलं आणि सुकन्याला इकडं बोलावलं. मी विचारलं, आता तपासतं कोण? म्हणली, दुसरं कुणीतरी, नाव दिसत न्हाई.

मी म्हणलं, लाज वाटती का न्हाई, दुसरीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला? ती म्हणली, लुबनाच्या आजोबांचं मीबी घेत न्हाई बाई. तुझ्या नवऱ्याचं घ्यायला मला कोण अडवतंय?

मला एवढा राग आला की मी तिच्या घरच्यांचं नाव घेतलं. रहमतुल्ला, रहमतुल्ला, रहमतुल्ला. पोरी फिसकन हसल्या. जैनबबी म्हणली, बघ, नाव घ्यायला निघतो की आवाज.

पिठलं परत घेऊन आले. वाटी तिची होती, ते घरी आल्यावर आठवलं.

२५ नोव्हेंबर

जैनबबीशी बोलणं बंद. सुकन्याशीबी बंद, फक्त चहा, मीठ आणि शेळ्यांपुरतं.

शांतपणे विचार केला. जैनबबी फक्त त्या एका नावापुरती लागती. बाकीचं ऐकणं माझंच हाय, सकाळी मीच तर करते. म्हणजे मी ते नाव घेतलं की जैनबबीचं काम संपलं. सुकन्या परत माझी. आणि मामानं कितीबी फोन केले तरी माझ्या कानांच्या जोरावर पोरगी घरात राहती.

ठरलं: घ्यायचं.

२६ नोव्हेंबर

शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेले, सराव करायला. पहिलं अक्षर निघालं, पुढं ठसका लागला. पाणी पिऊन परत. परत ठसका. शेळीनं वळून बघितलं. तिच्यासमोरसुद्धा कसंतरीच वाटतं, ती घरच्यांना ओळखती.

उद्या नक्की. हवा कोरडी हाय, त्यामुळं ठसका.

२७ नोव्हेंबर

सकाळी न्हाऊन बसले. सुकन्याला म्हणलं, लाव फाईल. ती घुटमळली, मग लावली. पुन्हा तीच म्हातारी, पुन्हा मेंढी मेली. आज मी समजूत घातली न्हाई, दम राखून ठेवला. ती जागा आली. मी डोळे मिटले, पदर डोक्यावर घट्ट धरला आणि ओरडले.

सटवा.

म्हणलं, लिही. सटवा मेंढरं घेऊन गोदावरीकडं गेलते.

डोळे उघडले तर सुकन्याची बोटं मांडीवर. ती काहीच लिहीत नव्हती. तिनं माझा हात धरला. म्हणली, आजी, ही फाईल कवाच गेली. नव्या सगळ्या तिकडं होतात. तुला वाईट वाटू नये म्हणून रोज सकाळी जुन्या लावते.

मी विचारलं, माझं एकबी गेलं न्हाई का? ती म्हणली, खोकला गेला. तू सांगितलेला खोकला बरोबर होता.

आणि मग अंगणातून आवाज आला. ओ.

घरचे काठी टेकत दारात आले. जेवायला बोलावलं तर ज्यांना ऐकू येत न्हाई, ते. म्हणले, कावून हाक मारली?

काय सांगायचं? म्हणलं, जेवायला चला. ते म्हणले, आत्ताच तर जेवलो. मी म्हणलं, मग काही न्हाई, बसा जाऊन.

सुकन्या फोन घेऊन जैनबबीकडं गेली. बॅग माळ्यावरच हाय. जाताना म्हणली, जैनबआजीनं वाटी मागितलीय, पिठल्यासकट.

घरचे अजून बाजेवर गेले न्हाईत. उंबऱ्यावरच बसलेत, कान आत करून. आता ते नाव सारखं सारखं कुठून घेऊ?