एका डब्याचे दोन अर्थ

सर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मी बसवलेले ते यंत्र अजून चालते. आज दुपारी नवी बॅटरी घातली, गिटार जोडली, पायाने बटण दाबले, आणि तोच लांबट, किंचित नाकातला सूर घरभर पसरला. तुम्ही तो कधीच ऐकला नाहीत. निवृत्त होऊन तुम्ही वालूरला गेलात आणि आपला संबंध पत्रापुरता उरला. म्हणून ती सगळी हकिगत आज क्रमाने मांडतो. क्रम सोडलेला तुम्हाला कधी खपत नसे.

शाळेच्या प्रयोगशाळेतला तो जुना रेडिओ आठवतो. खरखर थांबेना म्हणून मी एका दमात वायर बदलली आणि व्हॉल्व्हही बदलला. रेडिओ स्वच्छ बोलू लागला, मी हसत तुमच्याकडे पाहिले, आणि तुम्ही तो बंद केलात. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास. आता शाबासकी कोणाला देऊ, वायरला की व्हॉल्व्हला?" सगळ्या वर्गासमोर दोन्ही जुन्या वस्तू परत बसवायला लावून, एकेक बदलत तुम्ही मला पुन्हा पहिल्यापासून शोधायला लावले. दोष व्हॉल्व्हचा निघाला. वायर निरपराध होती.

पुढे मी कॉलेज शिकून गंगाखेडला परतलो, तेव्हा मामांच्या गायन पार्टीतल्या सनईवाल्या काकांचा दम पुरेनासा झाला होता. जयंतीचे कार्यक्रम तोंडावर आले होते. बँडवाल्यांनी टाकून दिलेली एक इलेक्ट्रिक गिटार मी दुरुस्त केली होती, पण मामांचे समाधान होईना. "तुझी गिटार टुणूक म्हणती अन् मरती. मला सनईवानी लांबणारा सूर पायजे." हे दोन ट्रान्झिस्टरांनी साधते, हे मी पुस्तकात वाचले होते. तारेचा क्षीण आवाज इतका वाढवायचा की त्याचा माथा सपाट कापला जावा. मग तो लवकर विझत नाही आणि त्याला सनईची धार येते. पहिल्यांदा तो सूर निघाला तेव्हा मामांनी हातातला चहा खाली ठेवला. पण सुरामागे आणखी एक आवाज होता. घुंऽऽऽ. गिटार गप्प असली तरी तो चालूच.

"भाच्या, हे गाणं हाय का पिठाची गिरणी? जयंतीला राणीसावरगावात ही गिरणी चालू झाली, तर डबडं गोदावरीत अन् तू कायमचा मागं कोरसात."

मग मी तुमच्या पद्धतीने शोध सुरू केला. गिटार काढून ठेवली, घुंई राहिली. म्हणजे गिटार निर्दोष. डबा वगळून गिटार थेट अँप्लिफायरला जोडली, घुंई गेली. आता डब्यावर संशय. डबा एकटाच कानात लावायच्या इअरफोनवर ऐकला, तर तोही शांत! बॅटरी बदलली, नंतर सांधे तपासले, नंतर वायर. दर वेळी एकच गोष्ट. डबा आणि अँप्लिफायर वेगवेगळे असताना सज्जन, आणि एकमेकांना जोडले की भांडण. असे का व्हावे? अखेर तुम्हाला सविस्तर पत्र लिहिले. कॉलेजातून नवा शब्द शिकून आलो होतो, म्हणून अभिमानाने हेही लिहिले की डब्याला मी जमिनीत वेगळी लोखंडी खुंटी ठोकून स्वतंत्र 'ग्राउंड' दिले आहे. पत्रात जागा उरली म्हणून तळाशी मामांचे नवे गाणे उतरवले आणि अभिप्राय मागितला.

तुमचे पोस्टकार्ड मामांच्या हाती पडले. "अर्थ एकच ठेव. दोन अर्थ झाले की गोंधळ होतो. बाकी उत्तम." एवढेच. मामांचा चेहरा पडला. गाण्यात एक ओळ होती: 'दे गं माय लेकराला पाटी.'

"मास्तर बरोबर बोलायलेत," मामा म्हणाले. "पाटी म्हंजे लिहायची बी अन् माती वाहायची बी. ऐकणाराला वाटंल, मी पोराला रोजगारावर धाडायलोय!"

मलाही ते पटले, सर. घुंईबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिले नाही याचे वाईट तेवढे वाटले. मामी अंगणात ज्वारी पाखडत होती. मामा तिच्यासमोर दोन दिवस ती ओळ घोळवत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी तिलाच गाऊन दाखवली: 'डोईची पाटी उतरव माय, लेकराच्या हाती दे पाटी.' मामीने सूप खाली ठेवले. "आता कसं!" एवढेच ती म्हणाली.

राणीसावरगाव. ऊन कलले आहे, मंडपात सतरंज्या अंथरल्या आहेत आणि बायका पुढच्या रांगा धरून बसल्या आहेत. मी डब्याची खुंटी मंचाशेजारी ठोकतो, अँप्लिफायर सुरू होतो, आणि घुंऽऽऽ. मामा माझ्याकडे बघतही नाहीत. जुन्या बाजाच्या पेटीवाल्याला ते जवळ सरकायला सांगतात. तेवढ्यात लाउडस्पीकरवाला माझ्या खुंटीकडे वाकून पाहतो. "माती लय कोरडी हाय, तुमचा अर्थ बसंना. पाणी घाला." मी तांब्याभर पाणी ओततो. घुंई दुप्पट होते! लोक हसू लागतात.

"आता काय झालं हो?" लाउडस्पीकरवाला गोंधळून म्हणतो. "माझा अर्थ तिकडं पक्का, तुमचा इकडं पक्का. दोन्ही अर्थ झाक हायेत की!"

दोन अर्थ! सर, मी तिथल्या तिथे मोठ्याने हसलो. तुमचा 'अर्थ' म्हणजे जमिनीत पुरायची तार, माझे 'ग्राउंड'; पोस्टकार्डातला प्रत्येक शब्द जागेवर येऊन बसला. जमिनीच्या दोन जागांची विजेची पातळी कधीच तंतोतंत सारखी नसते. दोन्हीकडे तार पुरली की त्या फरकाने एक बारीक प्रवाह मधल्या वायरमधून फिरत राहतो, आणि बिचारा अँप्लिफायर त्यालाच गाणे समजून मोठा करतो. पाण्याने माझी खुंटी पक्की झाली, प्रवाह वाढला, घुंई वाढली. माझ्या अभिमानाची ती वेगळी तारच गुन्हेगार होती, आणि सगळे तपासताना मी तिला एकदाही हात लावला नव्हता. मी खुंटीवरची तार उपटली.

शांतता. इतकी, की पुढच्या रांगेतल्या बांगड्यांचा आवाज आला. "बंद पडलं का?" मामा दचकले. मी बटण दाबले आणि पहिला सूर सोडला. तो मंडपाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच थांबून राहिला. मागे बसलेले सनईवाले काका उठून उभे राहिले. "आरं, ह्याला दम लागतच न्हाई का?" मामा हसले, आणि त्यांचे नवे गाणे सुरू झाले. त्या संध्याकाळी त्याच गाण्याला तीनदा वन्समोअर मिळाला.

दुसऱ्याच दिवशी मी तुम्हाला कळवले: "कार्ड वाचताक्षणी उलगडा झाला. तार काढली. गिटारला तीनदा वन्समोअर." तुमचे उत्तर एका शब्दाचे होते, 'शाबास'. त्यानंतर तुमचे कार्ड आले नाही; तुम्ही गेल्याचीच बातमी आली. ते 'शाबास' मी माझ्या विद्यार्थ्यांना आयुष्यभर दाखवत आलो.

हे पत्र टाकायला आता पेटी नाही. ते त्या डब्यातच ठेवीन. पण खरे सांगतो. कार्ड वाचताक्षणी मला काहीही उलगडले नव्हते. आणि तिन्ही वेळा लोकांनी गाणे जिथून परत मागितले, ती जागा गिटारची नव्हती. ती पाटीची ओळ होती. त्या संध्याकाळी आम्ही दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या, सर, आणि शाबासकी मी वायरला मिळवून दिली.