पावलाचा व्यत्यास

मी, वासुदेव रामाजी भोयर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त गणित शिक्षक, राहणार देवळी, जिल्हा वर्धा, आज भर उजेडात, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही धाकाने वा आग्रहाने नव्हे तर स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मी जिवंत आहे. मृत्युपत्रात असे विधान सहसा करावे लागत नाही. मला ते का करावे लागते, हे कलम तीनमध्ये येईल. गेल्या पोळ्याच्या सुमारास झालेल्या अर्धांगवायूने माझा उजवा पाय गेला आहे. हात गेलेला नाही, डोके तर नाहीच.

कलम एक. देवळीतील राहते घर मी माझ्या पगारातून बांधले. नाचणगाव येथील शेत मी स्वतः विकत घेतले. दोन्ही स्वकष्टार्जित आहेत व त्यांत कोणाचाही वडिलोपार्जित हिस्सा नाही. माझा एकुलता मुलगा बापूजी १९७४ साली वारला. त्याची पत्नी सौभाग्याविना, अपत्याविना या घरात राहिली, आणि माझी पत्नी आनंदाबाई हिच्या शेवटच्या आजारात तिचे सर्व काही तिनेच केले. या सुनेचे नाव नलू. माहेर सिंदी.

कलम दोन. किरकोळ वस्तू. फळ्यावर वापरावयाचा माझा लाकडी कंपास आणि कोनमापक ज्या शाळेत मी शिकवले तिला द्यावेत. मात्र ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत. माझे सहशिक्षक अण्णाजी यांना माझी काळी छत्री द्यावी. एका परीक्षेत त्यांनी एका विद्यार्थ्याला पुढील उत्तराबद्दल पूर्ण गुण दिले होते: 'चौकोन चौरस असेल तर त्याचे चारही कोन काटकोन असतात, म्हणून चारही कोन काटकोन असतील तर तो चौकोन चौरस असतो.' आयत नावाची आकृती अण्णाजींना ठाऊक नव्हती असे नाही. ते संस्कृतचे शिक्षक होते आणि त्यांना घाई होती. छत्रीसोबत माझी क्षमाही द्यावी, परंतु ते गुण मी आजही मान्य करीत नाही.

कलम तीन. हे कलम दीर्घ आहे. न्यायालयात वाचावे लागल्यास सावकाश वाचावे.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा प्राण जिथे गेला तिथे जमिनीवर पीठ पसरतात, दिवा ठेवतात, वर टोपले झाकतात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर टोपले उचलून पिठावर काय उमटले ते पाहतात. आमच्या भावकीचे म्हणणे असे: गेलेल्या माणसाचा जीव घरात अडकला असेल तर त्याचे पाऊल आतल्या दिशेने उमटते. हे विधान खरे की खोटे, यात मी पडत नाही. वादापुरते ते खरे धरतो.

१९७९ साली आनंदाबाई वारली. टोपले उचलले तेव्हा पिठावर पाऊल होते आणि त्याची बोटे आतल्या दिशेला होती. माझा पुतण्या तानबा, राहणार नाचणगाव, सर्वांसमक्ष म्हणाला, "पाहा मोठे बाबा, पाऊल आत येऊन राह्यलं! मोठ्या आईचा जीव अडकला. काऊन अडकला? नलू वहिनीनं शेवटी पाणी नाई पाजलं असन. तिले सिंदीले पाठवून द्या."

मी म्हणालो, "तानबा, हा व्यत्यास आहे. आधी सिद्ध कर, मग बोल."

"मेलेल्या बाईले भूमिती कायले लागते, मोठे बाबा?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नलू हसली नाही. तिने सुपात ते पीठ भरले आणि म्हणाली, "मामाजी, पाऊल कोनाचंही असो, हे सारवन मलेच करा लागते."

तानबासाठी आणि न्यायालयासाठी इथे चार रूपे मांडतो. मूळ विधान: जीव अडकला तर पाऊल आत. व्यत्यास: पाऊल आत असेल तर जीव अडकला. दोन्ही भाग नाकारून: जीव अडकला नाही तर पाऊल आत नाही. उलटवून आणि नाकारून: पाऊल आत नाही तर जीव अडकलेला नाही. मूळ विधान खरे असेल तर यांतील फक्त चौथे आपोआप खरे ठरते. दुसरे आणि तिसरे ठरत नाहीत. तानबाने दुसऱ्या रूपाच्या बळावर एका बाईला घराबाहेर काढायचे ठरवले, आणि भावकी त्याच्या मागे उभी राहिली. एकाही माणसाने आयत आठवला नाही.

चौरसाच्या बाबतीत आयत दाखवता येतो. इथे आयत म्हणजे असे पाऊल, जे आत वळलेले आहे परंतु ज्याचा धनी मेलेला नाही. ते मला शोधणे भाग होते, कारण तानबा दर सणाला येऊन तेच बोलत असे आणि नलूचा भाऊ तिला न्यायला सिंदीहून दोनदा येऊन गेला होता. ती गेली नाही. परंतु लोक तिच्या हातचे पाणी घेईनासे झाले.

या वर्षी, मी खाटेला खिळलेला असताना, दुपारी धान्याच्या खोलीत नलूकडून पीठ पसरवून घेतले. खिडकी नाही. दाराला कुलूप लावून किल्ली शेजारचे कापड दुकानदार मोतीलाल यांनी आपल्याजवळ ठेवली. दिवेलागणीपूर्वी त्यांनीच कुलूप काढले. पिठावर एकच पाऊल होते, उजवे, आत वळलेले. त्याला करंगळी नव्हती. माझ्या उजव्या पायाची करंगळी लहानपणी बैलबंडीच्या चाकाखाली गेली आहे.

मोतीलाल माझ्या खाटेशी आले. मग म्हणाले, "मास्तरजी, आपला पाय खाटेवरच आहे ना? जरा चादर काढा, पाहू द्या."

मी चादर काढली. पाय होता. तळवा कोरडा आणि स्वच्छ होता.

आयत सापडला, तो मीच निघालो. पाऊल आत आहे आणि धनी जिवंत आहे, म्हणून व्यत्यास खोटा. त्याच उदाहरणाने तिसरे रूपही खोटे. आनंदाबाईच्या पावलावरून नलूविरुद्ध काहीही सिद्ध होत नाही. इति सिद्धम्.

प्रयोग पुन्हा केला. पाऊल पुन्हा आले. पहिल्या वेळी ते उंबऱ्यालगत होते. नंतरच्या वेळी त्याच खोलीच्या आतल्या भिंतीशी, जिच्या पलीकडे माझी खाट आहे, भिंतीकडे तोंड करून. ते कसे उमटते हे मला ठाऊक नाही. न कळणाऱ्या गोष्टीचे उत्तर लिहिण्याची सवय मी विद्यार्थ्यांना लागू दिली नाही, स्वतःलाही लावणार नाही.

तानबाला ही वार्ता कळली. तो आता गावभर सांगतो, "मोठे बाबाचं पाऊल आत उमटलं, म्हंजे ते गेलेच. खाटेवर बसून राह्यलं ते नलूनं बसवलं हाये. मेल्या मानसाची सही चालते का?" म्हणजे तो पुन्हा व्यत्यासच काढतो. काही विद्यार्थी सुधारत नाहीत.

कलम चार. नाचणगावचे शेत. तानबाने नलूस घराबाहेर काढण्याचा दावा केला अथवा करवला, तर त्यास शेत मिळणार नाही. ते नलूचे होईल. 'दावा केला नाही तर मिळेल' हे वरील वाक्यातून निघत नाही. म्हणून ते स्वतंत्रपणे लिहितो: दावा केला नाही, तर शेत तानबाचे. माझ्या भावाचा तो मुलगा आहे आणि शेती उत्तम करतो.

कलम पाच. देवळीचे घर, त्यातील भांडी, धान्य, पोस्टातील शिल्लक, माझ्या मृत्यूनंतर नलूची. ती राहो वा न राहो, पुन्हा लग्न करो वा न करो, मी गेल्यावर पीठ पसरले जावो वा न जावो, त्यावर काहीही उमटो. या कलमात 'जर' नाही. आयुष्यभर मी ज्या शब्दावर पोट भरले तो इथे जाणूनबुजून वगळला आहे.

वासुदेव रामाजी भोयर
स्थळ : देवळी, जि. वर्धा
दिनांक : ११ मार्च १९८३

साक्षीदारांचे निवेदन : वासुदेवराव यांनी आम्हां दोघांसमक्ष वरील सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली. सहीपूर्वी मी, डॉक्टर महादेवराव ढगे, त्यांची नाडी तपासली. ती नियमित होती व हात उबदार होता. तानबा ओसरीवर हजर होता. धान्याच्या खोलीत सकाळीच पीठ पसरून कुलूप लावलेले आहे, ती सहीआधी उघडून पाहावी, असा त्याने आग्रह धरला. आतून काही सरकल्यासारखा आवाज आम्हां सर्वांना आला. मोतीलाल यांनी किल्ली पुढे केली. वासुदेवराव यांनी त्या दिशेला पाहिले नाही. ते म्हणाले, "आत काय आहे यावर कलम पाच अवलंबून नाही. शाई आणा." खोली उघडण्यात आली नाही.

साक्षीदार :
१. डॉ. महादेवराव ढगे, देवळी
२. मोतीलाल चांडक, कापड दुकानदार, देवळी